बाईंचा प्रश्न : हे भिंग आतच का नाही बसवलं?

महाराष्ट्रातल्या नेत्रशल्यचिकित्सकांना एका चष्मेवाल्याचं खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं चष्म्याचं दुकान आहे, त्याला आता एकतीस वर्षं होतील. तुमच्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस महिना-सव्वा महिन्याने नंबराची चिठ्ठी घेऊन माझ्या पायऱ्या चढतो. तोवर तुमच्या फाइलीत त्याची केस संपलेली असते. म्हणून मला जे दिसतं ते तुम्हाला दिसत असेलच असं नाही, आणि म्हणूनच हे पत्र.

गेल्या वर्षीची गोष्ट. मला चौथीला शिकवलेल्या बाई दुकानात आल्या. वय एकाहत्तर, आवाज अजून वर्गात घुमायचा तसाच. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. फेकोने, म्हणजे बारीक छेदातून यंत्राने मोतीबिंदू फोडून काढून; बिनटाक्याचं, घडी घालून आत सरकवायची लेन्स. ऑपरेशन झकास झालं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डोळा स्वच्छ, लाली नाही, पाणी नाही. चिठ्ठीवर गोल नंबर जवळजवळ शून्य होता आणि पुढे लिहिलं होतं : सिलिंडर मायनस अडीच, अ‍ॅक्सिस नव्वद.

मी ट्रायल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, डावा डोळा झाकला. नुसत्या डोळ्याने बाई तक्त्याच्या तिसऱ्या ओळीशी अडल्या. ‘प’ आहे की ‘ष’, सांगता येईना. मग मी सिलिंडरचं भिंग खाचेत सरकवलं आणि बाजूची कळ हळूहळू फिरवायला लागलो. सत्तर. ऐंशी. नव्वदच्या आसपास आलो तशा बाई एकदम म्हणाल्या, “थांब! आता हात लावू नकोस.” आणि खालच्या दोन ओळी घडाघडा वाचून काढल्या.

फ्रेम काढायला मी हात पुढे केला तर त्यांनी तो अडवला. म्हणाल्या, “मला एक सांग. हे तू आत्ता गोल फिरवून बसवलंस, ते त्यांना आतच बसवता आलं नसतं का? भिंग तर त्यांनी घातलंच होतं की डोळ्यात.”

मी म्हणालो, “येतं, बाई.”

“मग?”

त्या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाई स्वभावाप्रमाणे तडक दवाखान्यात जाऊन विचारून आल्या. परत येताना दुकानावरून गेल्या तेव्हा खुर्चीवर बसल्याही नाहीत. “तुम्ही विचारलं नाहीत, असं म्हणाले,” त्यांनी सांगितलं. “अरे, मला माहीत असतं तर विचारलं नसतं का? चौथीतल्या पोरांनी मला येऊन सांगायचं होतं काय, की बाई, आज आम्हाला भागाकार शिकवा?”

डॉक्टर कोण, दवाखाना कुठला, हे मी लिहिणार नाही. एकाच दवाखान्याची गोष्ट असती तर मी फोन केला असता, पत्र लिहिलं नसतं.

पत्र खुलं आहे, तेव्हा डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ‘सिलिंडर’ म्हटलं की आमच्याकडे लोक हसतात. एका आजोबांनी तर विचारलं होतं की डोळ्यात सिलिंडर कुठून आलं, आणि भरलेलं आहे का रिकामं. पुस्तकात याला दृष्टिवैषम्य म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पडद्याला पारपटल म्हणतात. तो पडदा वाटीच्या पाठीसारखा सगळीकडून सारखा वळलेला असेल तर प्रकाश एका बिंदूत गोळा होतो. चमच्याच्या पाठीसारखा असेल, म्हणजे एका दिशेने जास्त वळलेला आणि त्याच्या काटकोनात कमी, तर तो एका बिंदूत येतच नाही. अक्षराला सावली पडते, दिव्याला शेपूट फुटतं, चंद्राच्या कडेला दुसरा चंद्र दिसतो. यावर उपाय म्हणजे उलट्या बाजूने तसंच वाकडं भिंग, आणि तेही बरोबर त्याच कोनात. त्या कोनाला आम्ही अ‍ॅक्सिस म्हणतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्यातलं गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम भिंग घालतात. हे भिंग साधं, गोल नंबराचं असतं, किंवा त्यातच सिलिंडरचा नंबर घडवलेला असतो. दुसऱ्या प्रकाराचं नाव टोरिक लेन्स.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. सिलिंडरचा दोष इंग्लंडच्या थॉमस यंगने स्वतःच्याच डोळ्यात शोधून १८०१ साली मांडला. चष्म्यात सिलिंडरची काच घालून तो दूर करण्याचं काम १८२५ च्या सुमारास जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने केलं, तेही स्वतःच्याच डोळ्यासाठी. मी रोज जो धंदा करतो तो त्या माणसाचा. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं हॅरोल्ड रिडली यांनी, लंडनमध्ये, १९४९ च्या नोव्हेंबरात. आणि टोरिक भिंग बसवल्याचा पहिला अहवाल जपानच्या किमिया शिमिझू यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. ते भिंग कडक होतं, त्यासाठी ५.७ मिलिमीटरचा छेद घ्यावा लागे. घडी घालून बारीक छेदातून आत जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिक टोरिक लेन्सला अमेरिकेत २००५ साली परवानगी मिळाली. म्हणजे बाईंच्या डोळ्याला हात लागला त्याच्या कितीतरी आधीपासून ही वस्तू बाजारात आहे, आणि आपल्याकडेही मिळते.

यंगची एक गंमत मात्र सांगायलाच हवी, कारण ती आजच्या विषयाला लागू आहे. आपला दोष पारपटलात आहे की आतल्या भिंगात, हे बघायला त्याने डोळा पाण्यात धरला. पाण्यामुळे पारपटलाची वाकवण्याची शक्ती जवळजवळ संपते. दोष तरीही तसाच राहिला. म्हणजे त्याचं सिलिंडर आतल्या भिंगात होतं. यंगला पुढे मोतीबिंदू होऊन त्याचं ऑपरेशन झालं असतं, तर त्याचं सिलिंडर भिंगाबरोबरच निघून गेलं असतं!

यावरून कळतं की जुन्या चष्म्याचा नंबर बघून टोरिकचा निर्णय होत नाही. कुणाच्या चष्म्यात दोन नंबराचं सिलिंडर असतं, पण पारपटल बऱ्यापैकी गोल. त्याला टोरिक घातली तर उगाच नवा दोष दिल्यासारखं होईल. उलट कुणाच्या चष्म्यात सिलिंडर नावालाही नसतं, कारण भिंगाचा दोष पारपटलाच्या दोषाला खोडून काढत असतो. भिंग काढलं की दडलेलं सगळं बाहेर येतं. अशी माणसं माझ्याकडे येऊन म्हणतात, “आयुष्यात सिलिंडर नव्हतं, ऑपरेशनने आणलं.” मी त्यांची समजूत घालतो. पण ती समजूत घालायचं काम माझं होतं का? ऑपरेशनआधी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर त्या माणसाने तुमच्या नावाने गावभर बोटं मोडली नसती.

आणि सांगायला आकडा हवा असतो, तर तो तुमच्या हातात असतोच. भिंगाचा नंबर काढायला के-रीडिंग घ्यावंच लागतं. आडव्या दिशेची वक्रता किती, उभ्या दिशेची किती, दोघांत फरक किती आणि कोन कोणता, हे यंत्र छापून देतं. वेगळी तपासणी नाही, वेगळा खर्च नाही. देशोदेशीच्या पाहण्यांत मोतीबिंदूच्या साधारण एक तृतीयांश डोळ्यांत पारपटलाचं सिलिंडर एक किंवा त्याहून जास्त आढळलेलं आहे. म्हणजे तुमच्या टेबलावर येणारा प्रत्येक तिसरा डोळा. तो कागद फाइलीला टाचला जातो आणि फाइल कपाटात जाते. ज्याचा डोळा आहे त्याला तो आकडा माहीत नसतो.

माझी मागणी एवढीच आहे, डॉक्टर. तो आकडा त्याला सांगा. ऑपरेशनच्या चार दिवस आधी, घरच्यांसमोर, मराठीत. टोरिक घ्यायची की नाही हे मग तो आणि त्याचं घर ठरवेल. बाईंनी कदाचित पैशाकडे बघून नकोही म्हटलं असतं. पण तो नकार त्यांचा झाला असता.

तुमच्या बाजूचंही मी ऐकलेलं आहे. दुकानात चहाला थांबणारे दोन-तीन डॉक्टर माझे स्नेही आहेत, आणि ते मोकळेपणाने बोलतात. एक म्हणतात, जवळचा चष्मा लागणारच आहे, मग लांबचाही लागला तर काय बिघडलं? बिघडतं. जवळचा चष्मा पेपरापुरता असतो, खिशात राहतो. सिलिंडरचा चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत. शिवाय सत्तरीच्या माणसाला एकदम अडीच नंबराचं सिलिंडर चढवलं की पहिले पंधरा दिवस जमीन तिरकी वाटते, जिन्याची पायरी जवळ आल्यासारखी दिसते. एक आजोबा नवा चष्मा घालून उसाच्या सरीतून चालताना पडले आणि तेव्हापासून त्यांचा चष्मा देव्हाऱ्याशेजारी कोनाड्यात आहे. तुमच्या कार्डावर मात्र ‘चष्म्यासह ६/६’ अशी नोंद आहे. ते ६/६ कोनाड्यात पडून आहे!

जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ साली मोतीबिंदूच्या परिणामकारक शस्त्रक्रियांचं प्रमाण २०३० पर्यंत तीस टक्के अंकांनी वाढवायचं ठरवलं. त्यात परिणामकारक म्हणजे काय, तर ऑपरेशननंतर माणूस आहे तसा, म्हणजे वापरत असेल तर चष्म्यासह आणि नसेल तर नुसत्या डोळ्याने, तक्त्यावरची ६/१२ ची ओळ वाचू शकला पाहिजे. त्या मापाने कोनाड्यातला चष्मा धरला जाणार नाही.

दुसरे डॉक्टर म्हणतात, टोरिक सांगितली की पेशंटच्या अपेक्षा वाढतात, लेन्स फिरली की भांडायला येतो. हे मात्र खरं आहे, आणि याच्याशी मी जरा थांबतो, कारण फिरण्याचा प्रकार माझ्या हातातला आहे.

माझ्या दुकानात रोज जे घडतं ते असं. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, काच ठेवली, अ‍ॅक्सिस जुळवला की यंत्राची दांडी दाबून काचेवर शाईचे तीन ठिपके उठवायचे. त्या तीन ठिपक्यांच्या रेषेवर काच फ्रेममध्ये बसवायची. कारागीर नवा असला आणि काच दहा अंश फिरून बसली, की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात हजर. हिशेब सोपा आहे : भिंग एक अंश फिरलं की सिलिंडरचा सुमारे तीन टक्के परिणाम जातो. दहा अंशांत एक तृतीयांश जातो. तीस अंश फिरलं की घातलं काय न घातलं काय, सारखंच; त्यापुढे फिरलं तर होतं त्यापेक्षा वाईट. बाईंच्या अडीच नंबरात दहा अंशांची चूक झाली असती तर पाऊण-एक नंबर परत उरला असता, तोही भलत्याच कोनात. फरक एवढाच की माझी काच स्क्रू ढिला करून सरळ करता येते. तुमची डोळ्यात असते.

टोरिक भिंगाच्या कडेलाही खुणेचे बारीक ठिपके असतात. काहींवर तर दोन्ही बाजूंना तीन-तीन, अगदी आमच्यासारखे. एका डॉक्टरांनी मला ऑपरेशनचं चित्रण दाखवलं तेव्हा ते ठिपके बघून मला माझाच धंदा आठवला. पेशंट आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो, म्हणून आधी बसवून, समोर बघायला लावून, शाईने डोळ्यावर आडव्या रेषेची खूण करायची. मग टेबलावर त्या खुणेवरून कोन मोजायचा. भिंग आत गेल्यावर ठिपके त्या कोनात आणायचे. भिंगामागे राहिलेलं जेलीसारखं द्रव पुरतं काढायचं, नाहीतर भिंग घसरतं. काही मोठ्या दवाखान्यांत हे कोन दाखवायला यंत्रं आहेत. खुणेची शाई मात्र तालुक्यालाही मिळते.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक किराणा दुकानदार ताई आल्या. टोरिक घातलेली, ऑपरेशनला दहा दिवस, आणि “आधीपेक्षा वाईट दिसतं” ही तक्रार. घाई करून नंबर काढू नये हे मला कळतं, पण मी बघितलं. सिलिंडर दीडच्या वर, आणि अ‍ॅक्सिस ना जुन्या कागदाशी जुळणारा ना काटकोनात. मी चष्मा बनवला नाही. म्हटलं, ताई, आजच्या आज परत जा आणि बाहुली मोठी करून लेन्सच्या खुणा बघायला सांगा. डॉक्टर आधी भडकले. चष्मेवाल्याने सांगितलं? पण त्यांनी थेंब घातले, बघितलं, आणि भिंग वीस-बावीस अंश फिरलेलं निघालं. दोन दिवसांनी आत घेऊन सरळ केलं. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे “शेंगदाणे निवडायला लागतात तेवढासुद्धा वेळ नाही लागला”. महिन्याभराने त्या लांबच्या नंबराशिवाय दुकानाचा गल्ला सांभाळत होत्या. त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आदर वाढला, कारण त्यांनी रागावूनही बघितलं.

हे सांगायचं कारण असं की फिरलेली लेन्स हे संकट नाही, लपवलेली लेन्स हे संकट आहे. ती फिरते तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत, फार तर पहिल्या काही दिवसांत फिरते, आणि ज्या पिशवीत बसवलेली असते ती पिशवी आवळून घट्ट धरायच्या आत सरळ करणं सोपं असतं. मग आधीच सांगून टाका : शंभरात थोड्यांची फिरते, फिरली तर पुन्हा पाच मिनिटं आत घ्यावं लागेल. माणसं समजून घेतात. बैलाला औषध देताना डॉक्टरने “उतार पडला नाही तर परत बोलवा” म्हटलं तर शेतकरी त्याच्यावर केस करत नाही.

पैशाचं आता. तुमच्या काउंटरवर पॅकेजचा जो तक्ता असतो त्यात टोरिक कुठे असते बघा. खाली साधी, मग घडीची, मग परदेशी, आणि सगळ्यात वर ‘प्रीमियम’ म्हणून मल्टिफोकल, ट्रायफोकल, टोरिक असं एकाच कप्प्यात कोंबलेलं. पेशंटला वाटतं हे सगळं श्रीमंतांचं, एसी खोलीसारखं. मुलाला काउन्सेलर सांगते, “प्रीमियम घेतली तर चष्माच नाही.” मुलगा मनात म्हणतो, विकायला बसलेत. आणि तो चुकत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. मल्टिफोकल ही सोय आहे : जवळचंही चष्म्याशिवाय दिसावं म्हणून. टोरिक ही दुरुस्ती आहे : डोळ्यात असलेला दोष जावा म्हणून. सिलिंडर तसंच ठेवून मल्टिफोकल बसवलेली दोन माणसं मी पाहिली आहेत. लाखभर रुपये मोजून दोघांनाही ना लांबचं धड ना जवळचं. नुसती साधी टोरिक घेतली असती तर निम्म्याहून कमी पैशात लांबचं तरी लख्ख झालं असतं, आणि वाचायला माझ्याकडचा तीनशेचा चष्मा पुरला असता.

उलटाही प्रकार होतो, तो लिहिला नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. पाव-अर्धा नंबर सिलिंडर आहे आणि तरी टोरिक विकली. किंवा पारपटल कोनासारखं पुढे आलेलं, व्रण पडून वेडंवाकडं झालेलं, किंवा भिंगाला धरणारे धागे सैल, अशा डोळ्यात टोरिकचा हट्ट. कोरड्या डोळ्यात घेतलेलं रीडिंग आज एक आणि उद्या दुसरं येतं. आमच्या भागात उन्हात, धुळीत राबणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने मांस चढतं. ते स्वतःच पारपटल ओढून सिलिंडर तयार करतं. ते आधी काढून, डोळा स्थिरावू देऊन मग मोजायला हवं. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक आहे. मी फक्त सांगतो की ‘थांबा, दोन महिन्यांनी मोजू’ असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे आमच्या गावचे लोक जास्त विश्वासाने जातात.

मोजण्याबद्दल आणखी एक. पुढचा पडदा मोजला तरी त्याच पारपटलाची मागची बाजू राहते. २०१२ साली अमेरिकेतल्या डग्लस कॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही मागची बाजूही सरासरी सुमारे तीन दशांश नंबराचं सिलिंडर आणते, आणि म्हातारपणी जो ‘अ‍ॅक्सिस नव्वद’वाला (आडवी वक्रता जास्त असलेला) प्रकार वाढत जातो तो नुसत्या पुढच्या मापाने कमी धरला जातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम बॅरेट यांचं गणित याचा हिशेब धरतं आणि ते इंटरनेटवर फुकट आहे. माझ्यासारख्याला ते सापडलं, तर तालुक्याच्या दवाखान्यात न वापरायला कारण नाही.

विम्याबद्दल फार लिहीत नाही, तो तुमच्या हातात नाही. बऱ्याच पॉलिसींत एका डोळ्याला ठरावीक रकमेची मर्यादा असते आणि टोरिकचा वरचा खर्च ‘चैनीचा’ म्हणून नाकारला जातो. पण तुम्ही डिस्चार्जच्या कागदावर ‘पारपटलाचं सिलिंडर २.६, दुरुस्तीसाठी टोरिक’ असं स्पष्ट लिहिलंत तर पेशंटला निदान भांडता तरी येतं. ‘प्रीमियम लेन्स’ लिहिलं की भांडणच संपलं.

आता सरकारी दवाखाने आणि शिबिरं. इथे मी टोरिक मागत नाही. देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि तरी २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचाच निघाला. ज्याला हात दिसत नाही त्याला आधी उजेड द्यायचा. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी खेड्यापाड्यांत शिबिरं घेऊन हेच केलं, त्याला तोड नाही. पण फुकटात करता येण्यासारखंही काही आहे. हाताने, सहा-साडेसहा मिलिमीटरच्या छेदातून केलेलं ऑपरेशन वरून, म्हणजे घड्याळाच्या बाराच्या जागी केलं, की जखम भरताना उभी वक्रता सपाट होते आणि अ‍ॅक्सिस नव्वदचं सिलिंडर वाढतं. म्हाताऱ्या डोळ्यात ते मुळातच त्या बाजूला झुकलेलं असतं. तोच छेद कानशिलाच्या बाजूने घेतला तर ते कमी होतं. जास्त वक्र बाजूवर छेद घ्या, एवढ्यानेच अर्धा-एक नंबर खाली येतो, असं तुमच्यातलेच लोक सांगतात. के-रीडिंगचा कागद टेबलाशेजारी चिकटवला की झालं. आणि शिबिरानंतर सगळ्यांना एकाच पेटीतले तयार चष्मे वाटू नका. त्यांत सिलिंडर नसतं. ज्याला दोन-अडीच सिलिंडर उरलंय त्याच्यासाठी तो चष्मा म्हणजे कपाळावरचं दुसरं ओझं. नंबर काढून पाठवा, आमच्यासारखे दुकानदार खर्चाच्या भावात करून देतात. मी देतो.

कुणी म्हणेल, चष्मेवाला असून हा टोरिकची वकिली का करतोय, हे तर याच्याच पोटावर येतंय. येतंय. सिलिंडरचा चष्मा म्हटला की काचा, कोटिंग, फ्रेम मिळून चार पैसे सुटतात. पण चौथीत हातावर पट्टी खाल्लेल्या माणसाचं बाईंपुढे खोटं बोलायचं धाडस होत नाही.

बाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पाच महिन्यांनी झालं. त्याच डॉक्टरांकडे, हे मुद्दाम सांगतो. या वेळी त्यांनी के-रीडिंगचा कागद समोर ठेवून, पेनाने गोल करून, बाईंना आणि त्यांच्या सुनेला समजावलं. पारपटलाचं सिलिंडर २.३. आमच्याकडे टोरिकला साध्यापेक्षा बारा-पंधरा हजार जास्त पडतात; बाईंनी पेन्शनमधून दिले. लेन्स फिरण्याची शक्यताही सांगितली. फिरली नाही. सहा आठवड्यांनी बाई आल्या तेव्हा मी डावा डोळा तपासला : सिलिंडर पाव, अ‍ॅक्सिस विचारात घेण्यासारखा नाही. मग त्या दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या आणि समोरच्या बेकरीच्या पाटीकडे बघत एकदा हा डोळा झाकून, एकदा तो डोळा झाकून बघायला लागल्या. चांगली पाच मिनिटं. रस्त्यावरची माणसं बघत होती. शेवटी म्हणाल्या, “डाव्याने ‘ताजी खारी’ दिसतं. उजव्याने नुसतं ‘खारी आहे’ एवढं कळतं.”

उजव्यासाठी चष्मा केला आहे. उजव्यात मायनस अडीचचं सिलिंडर आणि डावी काच जवळजवळ सपाट, त्यामुळे जमायला वेळ लागतोय. त्या तक्रार करत नाहीत, पण जिना उतरताना चष्मा काढून हातात घेतात, हे मी पाहिलं आहे.

या महिन्यात मी पाचशे चिठ्ठ्या छापून घेतल्या आहेत. कागद माझा, छपाई माझी, दवाखान्याचं नाव नाही, माझ्या दुकानाचं नाव नाही. चार ओळी आहेत : पारपटलाची वक्रता आडवी किती, उभी किती, सिलिंडर किती, कोणत्या कोनात, टोरिक सुचवली का, नसेल तर का नाही, आणि टोरिक बसवली तर कोणत्या अंशावर. शेवटची ओळ माझ्यासाठी आहे, कारण भिंगाचं स्टिकर कार्डावर चिकटवता पण त्यावर कोन कधीच नसतो, आणि लेन्स फिरली का हे मला त्याशिवाय ओळखता येत नाही. आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांत शंभर-शंभर मी स्वतः आणून देईन. इतर ठिकाणच्या डॉक्टरांनी ही चिठ्ठी आपल्या पॅडवर छापून घ्यावी, माझी परवानगी लागत नाही.

आपला,
एक चष्मेवाला
जिल्हा सांगली